हॉटेल झालेल्या वास्तूत इतिहास कुठे उतरतो?

सप्टेंबर २०१९ मध्ये एक बातमी आली आणि पुढचे काही दिवस आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय उरला नाही. महाराष्ट्रातील पंचवीसेक किल्ले वारसा-हॉटेले आणि समारंभ यांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे राज्य सरकारच्या मनात आहे, अशी ती बातमी होती. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर असल्यामुळे गदारोळ झाला. शिवछत्रपतींशी संबंध असलेल्या पहिल्या वर्गातील किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, विचार चालू आहे तो दुसऱ्या वर्गातील असंरक्षित किल्ल्यांचा, असा खुलासा सरकारतर्फे झाला आणि वाद हळूहळू विरला.

वाद विरला तरी प्रश्न संपला नाही. त्या दिवसांत दोन बाजू ठामपणे मांडल्या जात होत्या. एक बाजू म्हणत होती, की ज्या तटांवर माणसांनी रक्त सांडले तिथे वरातीचा बँड वाजणे ही विटंबना आहे. दुसरी बाजू म्हणत होती, की पडक्या तटावर निवडुंग वाढू देणे ही त्याहून मोठी विटंबना नव्हे काय? छप्पर टिकवायचे तर पैसा लागतो आणि पैसा पाहुण्याच्या खिशातून येतो. दोन्ही बाजूंना भावना होती, दोन्हींना तर्कही होता. मात्र ज्यांनी हा प्रयोग आधीच करून पाहिला त्यांचे काय झाले, हे विचारण्याच्या फंदात कुणी फारसे पडले नाही.

हा प्रयोग हिमाचल प्रदेशात गेली पन्नास वर्षे, आणि खाजगी पातळीवर त्याहूनही आधीपासून, चालू आहे. राजवाडे, साहेबांचे बंगले, राजनिवास, गढ्या अशा नाना प्रकारच्या वास्तूंची तिथे हॉटेले झाली. त्यांतील चार उदाहरणे या लेखात घेतली आहेत. हॉटेल चांगले की वाईट, हा या लेखाचा विषय नव्हे. वास्तूचे हॉटेल होते तेव्हा तिच्या इतिहासातील कोणती पाने ठेवली जातात आणि कोणती गाळली जातात, एवढाच शोध इथे घ्यायचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. पाठ्यपुस्तकासाठी एखाद्या कादंबरीचा उतारा निवडताना आपणही हेच करत असतो.

रिकामी झालेली घरे

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८६४ साली जॉन लॉरेन्सच्या कारकिर्दीत सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरली. वर्षातले कित्येक महिने साम्राज्याचा कारभार कलकत्त्याहून, आणि पुढे दिल्लीहून, उचलून सात हजार फुटांवरच्या एका अरुंद डोंगररांगेवर नेऊन मांडला जाई. कालका-सिमला रेल्वे १९०३ साली सुरू झाली. त्याआधी कागदपत्रांच्या पेट्यांपासून पियानोपर्यंत सगळे माणसांच्या पाठीवर, खेचरांवर आणि बैलगाड्यांतून वर चढत असे. या कारभाराभोवती घरांचे मोठे जाळे उभे राहिले. व्हाइसरॉयचे घर, सरसेनापतीचे घर, सचिवांचे बंगले, आणि त्यांच्या सावलीत संस्थानिकांचे उन्हाळी वाडे.

१९४७ नंतर या घरांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. देवदाराच्या लाकडाचे मजले, उतरती छपरे, हिवाळ्यातले बर्फ, प्रत्येक खोलीतली शेगडी, यांमुळे देखभाल महाग होती आणि आगीची भीती कायमची. काही घरांत कचेऱ्या गेल्या, काहींत शाळा. सरसेनापतीचे ‘स्नोडन’ जिथे होते तिथे आज वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. काही घरे मात्र गावापासून दूर, झाडीत आणि उंचावर होती. कचेरीला ती गैरसोयीची आणि शाळेला महागडी. अशा घरांना हॉटेल होणे एवढाच मार्ग व्यवहारात उरला. म्हणजे या रूपांतरामागे कुणाची हाव होती असे सरसकट म्हणता येत नाही. बहुतेक वेळा त्यामागे नाइलाज होता. हे आरंभीच मान्य केले पाहिजे, नाहीतर पुढची चर्चा सोवळेपणाची होईल.

चैल : गोष्ट विकली जाते तेव्हा

सिमल्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवर चैल आहे. गोरखा युद्धानंतर हा मुलूख पतियाळा संस्थानाकडे गेला. तिथला पतियाळाच्या महाराजांचा राजवाडा १९७२ पासून हिमाचल पर्यटन विकास महामंडळाचे हॉटेल आहे. ‘थ्री इडियट्स’ (२००९) या चित्रपटात सिमल्यातील ज्या ऐसपैस घरात खरा रणछोडदास भेटतो, ते हेच घर. विद्यार्थ्यांना एवढे सांगितले की राजवाडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

या राजवाड्याबरोबर एक गोष्ट पाहुण्याच्या हाती हमखास पडते. मार्गदर्शक ती सांगतात, पर्यटनाच्या पुस्तिका आणि संकेतस्थळे छापतात. ती अशी : महाराजा भूपिंदरसिंग यांचे लॉर्ड किचनर यांच्या मुलीवर प्रेम जडले, संतापलेल्या किचनरने त्यांना सिमल्यात प्रवेशबंदी केली, आणि अपमानित महाराजांनी सिमल्याहून उंच जागी, सिमला दिसेल अशा ठिकाणी स्वतःची उन्हाळी राजधानी वसवली. सिमल्याच्या मॉलवरील ‘स्कँडल पॉइंट’ या चौकाच्या नावाशीही पतियाळाच्या महाराजांची आणि व्हाइसरॉयच्या मुलीची अशीच एक कथा जोडली जाते.

आता साधा कालक्रम तपासू. चैलच्या राजवाड्याचे साल १८९१ असे दिले जाते आणि तिथल्या प्रसिद्ध क्रिकेट मैदानाचे १८९३. भूपिंदरसिंगांचा जन्म ऑक्टोबर १८९१ चा. म्हणजे महाराज पाळण्यात असताना प्रेमभंग होऊन त्यांनी राजवाडा बांधला, असे मानावे लागेल. किचनर हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आला १९०२ च्या अखेरीस आणि गेला १९०९ मध्ये. तेव्हा भूपिंदरसिंगांना अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की किचनर आजन्म अविवाहित होता. त्याला मुलगीच नव्हती.

गोष्ट अशी एका फुंकरीने उडते. तरीही ती टिकते, हे अधिक विचार करण्यासारखे आहे. तिच्या मुळाशी सत्याचा एक कण असावा. भूपिंदरसिंगांचे वडील महाराजा राजिंदरसिंग यांनी १८९३ साली फ्लॉरेन्स ब्रायन या आयरिश वंशाच्या तरुणीशी विवाह केला होता आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना तो मुळीच रुचला नव्हता. एका संस्थानिकाने एका गोऱ्या, पण अधिकारी वर्गाबाहेरच्या, मुलीशी रीतसर लग्न केले, ही घटना वंश, वर्ग आणि सत्ता यांविषयी खरे काही सांगते. परंतु तिच्यात पळवून नेणे नाही, हद्दपारी नाही, सूड नाही. हॉटेलाला ती उपयोगाची नाही. म्हणून मुलगा बापाच्या जागी आला, घोड्यांच्या पागेवरील माणसाच्या बहिणीच्या जागी सरसेनापतीची मुलगी आली, आणि गैरसोयीच्या विवाहाच्या जागी राजेशाही प्रेमभंग आला.

दंतकथा लोक रचतात तेव्हा तिच्यात लोकांची काही इच्छा असते. गोऱ्या साहेबाची एका देशी राजाने जिरवली, ही इच्छा या कथेतही दिसते आणि ती समजण्याजोगी आहे. पण तीच कथा जेवणाच्या दिवाणखान्यातील झुंबराखाली सांगितली जाऊ लागली, की तिचा रोख बदलतो. ती खोलीच्या भाड्यात समाविष्ट होते.

वाइल्डफ्लॉवर हॉल : नाव उरते तेव्हा

सिमल्याहून मशोब्र्याच्या वाटेवर छराबरा येथे, सव्वाआठ हजार फुटांच्या आसपास, ‘वाइल्डफ्लॉवर हॉल’ आहे. ‘किचनरचे निवासस्थान’ अशी त्याची ख्याती. कोटी संस्थानच्या राणाकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर लॉर्ड लिटनच्या खाजगी सचिवाने, बॅटनने, इथे घर बांधले. पुढे किचनरने ते भाड्याने घेतले आणि बागेची हौस भागवली. तो गेल्यावर हॉट्झ या हॉटेलवाल्या दांपत्याकडे ते आले. त्यांनी जुने घर पाडून १९२५ साली तीन मजली हॉटेल उभारले.

इथे क्षणभर थांबावे. म्हणजे किचनर ज्या छपराखाली राहिला ते छप्पर १९२५ सालीच गेले. फाळणीनंतर त्या हॉटेलाच्या इमारतीत कृषिविद्यालय होते. १९७३ पासून ती पर्यटन महामंडळाकडे होती. ५ एप्रिल १९९३ रोजी आग लागली आणि तीही गेली. राज्य सरकारने ओबेरॉय समूहाशी भागीदारी करार करून आज दिसणारी तिसरी इमारत उभी केली. ते हॉटेल २००१ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, सरकारने करार रद्द केला. त्यातून निघालेला वाद दोन दशके चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली मालमत्ता राज्याच्या ताब्यात देण्यासाठी ३१ मार्च २०२५ पर्यंतची मुदत ठरवून दिली.

मग या ठिकाणी ‘ऐतिहासिक वास्तूचे हॉटेल’ नेमके कशाला म्हणायचे? वास्तू तर एकाआड एक दोनदा नष्ट झाली. रूपांतर झाले ते नावाचे. जागा, देवदारांची राई, दूरवरची हिमशिखरे आणि एक इंग्रजी नाव एवढ्या भांडवलावर इतिहासाचा सारा भास उभा आहे. भास हा शब्द मी निंदेने वापरत नाही. रायगडावरील राजसदरेच्या रिकाम्या चौथऱ्यापाशी आपल्याला जे वाटते तेही बरेचसे नाव आणि जागा यांच्यामुळेच वाटते. फरक एवढाच, की रायगडावर पडलेले पडलेलेच दिसते. इथे नवे जुन्याच्या पोशाखात उभे आहे.

आणखी एक गोष्ट या नावात मावत नाही. याच परिसरातून हिंदुस्थान-तिबेट रस्ता जातो. १८५० च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. हा रस्ता, त्यावरून जाणाऱ्या साहेबांचे सामान आणि डोंगरातील त्यांचे मुक्काम यांचा भार स्थानिक शेतकऱ्यांच्या वेठबिगारीवर होता. पाळी आली की शेत टाकून ओझे उचलायला हजर राहावे लागे. कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन माणसाने, पुढे सत्यानंद या नावाने ओळखल्या गेलेल्या सत्याग्रहीने, १९२०-२१ मध्ये या बेगारीविरुद्ध पहाडी लोकांची चळवळ संघटित केली. आज स्टोक्सचे नाव हिमाचलच्या सफरचंदांबरोबर घेतले जाते, बेगारीबरोबर क्वचित. किचनरची बाग कुठे होती हे पाहुण्याला सांगितले जाते. ती ज्या घराभोवती फुलली त्या घराचे सामान कुणाच्या पाठीवरून आले, हे सांगितले जात नाही.

पीटरहॉफ : मराठी वाचकाचे गाळलेले पान

तिसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे, जरी बहुतेकांना ते ठाऊक नसले तरी. सिमल्यातील ‘पीटरहॉफ’ हे १८६० च्या दशकापासून १८८८ पर्यंत व्हाइसरॉयचे निवासस्थान होते. पहिल्या एल्गिनपासून डफरिनपर्यंत सात व्हाइसरॉय तिथे राहिले. घर लहान, पुढे-मागे दरी. लिटनला ते मुळीच आवडत नसे आणि लेडी डफरिननेही आपल्या हिंदुस्थानातील आठवणींत त्याच्या अडचणीचे वर्णन केले आहे. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा ज्याच्या कारकिर्दीत झाला तो लिटन उन्हाळ्यात याच घरात राहत असे. त्याच वर्षांत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाले’चे अंक काढत होते. लिटनचा कायदा १८८२ साली रिपनने रद्द केला. तोही याच घराचा रहिवासी. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना आपण पुण्या-मुंबईकडे पाहतो. ते गद्य ज्या भीतीच्या छायेत लिहिले जात होते तिचा एक पत्ता या टेकाडावरचा होता.

यापेक्षाही थेट संबंध १९४९ चा आहे. फाळणीनंतर पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय सिमल्यात, पीटरहॉफमध्ये, बसत असे. १९५५ च्या आरंभी ते चंदीगडला गेले. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. त्यावरील अपिलांची सुनावणी मे-जून १९४९ मध्ये झाली ती याच इमारतीत. न्यायमूर्ती भंडारी, अच्छरूराम आणि खोसला यांचे त्रिसदस्य पीठ होते. नथुराम गोडसेने स्वतःच युक्तिवाद केला. खुनाबद्दलच्या शिक्षेला त्याने आव्हान दिले नव्हते. कट नव्हता एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. न्यायालयाने ते मानले नाही. २१ जून १९४९ रोजी निकाल लागला. दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले, नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांची फाशी, तसेच करकरे, मदनलाल पाहवा व गोपाळ गोडसे यांची जन्मठेप कायम झाली. न्या. गोपालदास खोसला यांनी पुढे त्या दिवसांविषयी लिहिले. भाषण ऐकताना दालनातील श्रोते कसे भारावले होते, याची त्यांनी केलेली नोंद प्रसिद्ध आहे. ती न्यायासनावर बसलेल्या माणसाने वक्तृत्वाच्या सामर्थ्याविषयी दिलेला इशारा म्हणूनही वाचता येते.

या खटल्यावर मराठीत आठवणी लिहिल्या गेल्या, नाटके आली, त्या नाटकांवर बंदी आणि वाद झाले. आपल्या सार्वजनिक जीवनात तो प्रश्न अजूनही तापलेला आहे. आणि तरीही मराठी पर्यटक सिमल्याला जातो तेव्हा त्या न्यायालयाची जागा शोधत नाही. ती शोधून सापडणारही नाही. न्यायालय गेल्यानंतर पीटरहॉफ हे हिमाचलच्या राज्यपालांचे निवासस्थान झाले होते. १९८१ च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि जुनी इमारत भस्मसात झाली. राजभवन बार्न्स कोर्टमध्ये हलले. त्या जागेवर नवी इमारत झाली. तीत पर्यटन महामंडळाचे हॉटेल आहे, नाव अर्थात पीटरहॉफ. तिथे सरकारी बैठका आणि समारंभ होतात. हॉटेलाची प्रसिद्धी ‘व्हाइसरॉयांचे निवासस्थान’ या ओळखीवर चालते. सुट्टी घालवायला आलेल्या कुटुंबाला न्याहारीच्या टेबलावर गांधीहत्येच्या खटल्याची आठवण कोण करून देईल? हॉटेलाच्या दृष्टीने हे समजू शकते. परंतु सात व्हाइसरॉयांचे उन्हाळे राष्ट्राच्या स्मरणात राहावेत आणि राष्ट्रपित्याच्या खुनाचा न्याय जिथे अंतिमतः झाला ती जागा विसरली जावी, हा हिशेब कुणाच्या सोयीचा आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पीटरहॉफपासून फार दूर नसलेल्या ऑब्झर्व्हेटरी टेकडीवरील व्हाइसरॉयचा राजवाडा (१८८८) हॉटेल झाला नाही. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९६५ साली तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्थान सुरू झाले. भालचंद्र नेमाडे तिथे अभ्यासवृत्तीवर होते आणि देशीवादावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक २००९ साली त्याच संस्थानाने प्रकाशित केले. देशीवादाचे पुस्तक व्हाइसरॉयच्या वाड्यातून निघावे, यात उपरोध आहे, पण तो सुखद आहे. मात्र प्रत्येक वास्तूसाठी सरकार विद्यापीठ काढू शकत नाही. म्हणून हा मार्ग आदर्श असला तरी सार्वत्रिक उत्तर नव्हे.

नग्गर : ज्या हॉटेलात देव उतरतात

चौथ्या उदाहरणासाठी सिमला सोडून उत्तरेस कुलू खोऱ्यात जावे लागते. तिथली वास्तू साहेबाने बांधलेली नाही, आणि ती जळलेली वा पाडलेलीही नाही, म्हणून ती महत्त्वाची आहे. बियास नदीच्या डाव्या तीरावर नग्गर ही कुलूच्या राजांची जुनी राजधानी. तिथली गढी परंपरेनुसार राजा सिधसिंगाने बांधली. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर, मधे चुना नाही, या ‘काठकुणी’ पद्धतीचे ते बांधकाम आहे. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात कित्येक पक्की घरे जमीनदोस्त झाली. ही गढी उभी राहिली. लाकूड आणि दगड एकमेकांना बांधून न टाकता धरून ठेवतात, त्यामुळे धक्का पचतो. राजधानी सतराव्या शतकात हलली, पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी गढीत मुक्काम केला, आणि १९७८ पासून ती पर्यटन महामंडळाचे हॉटेल आहे.

गढीविषयी लोक सांगतात, की बियासपलीकडच्या एका पडक्या किल्ल्याचे दगड माणसांची साखळी करून हातोहात इथपर्यंत आणले. ही कथा खरी असेल वा नसेल. चैलच्या कथेशेजारी ठेवून पाहिली तर तिचा वेगळेपणा कळतो. तिच्यात राजा गौण आहे, दगड उचलणारे हात मुख्य आहेत. बांधणाऱ्यांच्या वंशजांनीच ती सांगत ठेवली असावी, असे तिच्या घडणीवरूनच वाटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे गढीच्या आवारात ‘जगतीपट’ नावाचे छोटे मंदिर आहे. त्यात एक शिळा आहे. खोऱ्यातील देवांनी मधमाश्यांचे रूप घेऊन ती डोंगरावरून आणली, अशी श्रद्धा आहे. खोऱ्यावर संकट आले की गावोगावचे देव आपापल्या गुरांच्या, म्हणजे देव ज्यांच्या अंगात येतो त्यांच्या, मुखाने इथे कौल देतात. या सभेला ‘जगती’ म्हणतात. फेब्रुवारी २००६ मध्ये अशी जगती भरली. विषय होता परदेशी भांडवलाच्या ‘हिमालयन स्की व्हिलेज’ या प्रकल्पाचा. डोंगरावर हॉटेले, घसरपट्ट्या आणि पाळणे उभारण्याची ती योजना होती. शंभराहून अधिक देवांनी कौल दिला आणि तो प्रकल्पाच्या विरोधात होता.

डोंगरावर हॉटेल उभारू नये, हा निर्णय एका हॉटेलाच्या अंगणात झाला, ही घटना कादंबरीकाराला सुचली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते. अंगात येणे, कौल देणे या गोष्टींकडे कुणी श्रद्धेने पाहो वा संशयाने, आणि त्या सभेमागे कुणाचे राजकारण होते याचीही चर्चा होवो. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. नग्गरची गढी हॉटेल झाली, पण तिच्यावरचा खोऱ्याचा हक्क बुडाला नाही. मंदिर आवारात आहे म्हणून गावकरी पाहुणा न होताही आत येतो. दार बंद करता येत नाही. आणि जो पाहुणा नाही तो आत येऊ शकतो म्हणूनच तिथला इतिहास सजावट होऊन बसलेला नाही.

पुन्हा सह्याद्रीत

या चार वास्तूंवरून काय दिसते? हॉटेल झाल्यामुळे वास्तू वाचतेच असे नाही. दोन ठिकाणी आगीनंतर फक्त नाव वाचले. हॉटेल झाल्यामुळे पैशाची चिंता मिटते असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने पर्यटन महामंडळाची तोट्यातील अठरा हॉटेले बंद करण्याचा आदेश दिला. त्या यादीत चैलचा राजवाडा होता आणि नग्गरची गढीही होती. काही दिवसांतच त्यांना मुदत मिळाली. पण ‘हॉटेल करा म्हणजे वारसा आपोआप पोसला जाईल’ या युक्तिवादातली हवा त्या यादीने काढून घेतली. दुसरीकडे, हॉटेल झाल्यामुळे वास्तू भ्रष्ट होतेच असेही म्हणता येत नाही. नग्गर त्याची साक्ष आहे.

आपल्याकडेही हे अगदी नवे नाही. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल होऊन बरीच वर्षे झाली. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी घेतला आणि ऑगस्ट १९५४ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. तिथे समुद्राकडे तोंड करून बसलेल्या पाहुण्याला हे कळते का, ही तेरेखोलची खरी परीक्षा. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातील आणि एक तमिळनाडूतील जिंजी. त्या बारांची काळजी आता जगाच्या डोळ्यांसमोर होईल. प्रश्न उरतो तो इतर शेकडो गडांचा, ज्यांना पहिल्या वर्गात जागा मिळाली नाही. २०१९ मध्ये बोलणे चालले होते ते त्यांच्याविषयी.

खरे तर ‘शिवकालाशी संबंध आहे की नाही’ या एका निकषावर गडांचे दोन वर्ग पाडणे, हेच मला त्या वादातील सर्वांत खटकणारे वाटले. टीकाकारांनीही तो निकष बहुधा निमूटपणे स्वीकारला. दुसऱ्या वर्गातील गडावर मेटकऱ्यांची वस्ती होती, पायथ्याच्या गावाची जत्रा भरते, टाक्याचे पाणी उन्हाळ्यात गुरांना लागते, तटात कुणा अनामिक वडाराची छिन्नी चालली होती. हा इतिहास महाराजांच्या नावाने नोंदलेला नाही, म्हणून तो मोकळा भूखंड ठरत नाही. सिमल्याला व्हाइसरॉयांच्या नावाने जे झाले ते आपण छत्रपतींच्या नावाने करू नये. मोठ्या नावाच्या उजेडात लहान माणसे दिसेनाशी होतात, मग ते नाव परक्याचे असो वा आपल्या प्रेमाचे.

उद्या पुन्हा असा प्रस्ताव आला, आणि तो येईल, तर आपण अध्यापकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात. एक, करार होण्याआधी त्या वास्तूचा पूर्ण इतिहास लिहिला जावा आणि तो दारात वाचायला मिळावा, अडचणीच्या पानांसह. दोन, पायथ्याच्या गावाचे वाटेचे, पाण्याचे आणि देवाचे हक्क करारात नमूद व्हावेत. तीन, पाहुण्याला सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कुणीतरी तपासाव्यात. किचनरला मुलगी नव्हती, हे शोधायला मोठे संशोधन लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला चरित्रकोश उघडायला सांगितले तरी पुरते. मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून आपल्या तालुक्यातील एकेका गडाचे असे टिपण केले, तर भाडेपट्ट्याचा कागद येण्याआधी आपल्याकडे निदान एक कागद तयार असेल.